तिखीचं तेल बुडतं, रोझमेरीचं तरंगतं

पहिला दिवस: कोल्हापूर ते पणजी

मावशीचा फोन दिवाळीतच आला होता. "व्हडले दिवाळेक यो. दरवर्षी नवं कारण सांगतेस." व्हडली दिवाळी म्हणजे तुळशीचं लग्न. मावशी मूळची कोल्हापूरची, पण गोव्यातल्या सावईवेऱ्याला दिल्याला एक्केचाळीस वर्षं झाली. तिचं मराठी बोलता बोलता कोकणी होतं आणि ते तिच्या ध्यानातही येत नाही.

पिशवी भरली, तर कपड्यांपेक्षा बाकीचं सामानच जास्त झालं. सोनाराचं दहापट मोठं दाखवणारं भिंग, वास घ्यायच्या कागदी ब्लॉटर पट्ट्यांचं पुडकं, कागदी पाकिटं आणि तीन चिमुकल्या तपकिरी बाटल्या. बावीस वर्षं सुगंधी कच्च्या मालाच्या प्रयोगशाळेत तेलं तपासण्यात गेली. नोकरी सुटली, पण वास घ्यायची खोड सुटली नाही. चोर्ला घाट उतरताना मी काच खाली केली, तेव्हा ड्रायव्हरदादांनी एसी बंद करत विचारलं, "ताई, मळमळतंय का?"

पणजीला मावसभाऊ मळा नावाच्या भागात राहतो, फोंतेन्हास या जुन्या वस्तीला लागूनच. जुनं घर, चिंचोळी बाल्कनी आणि बाल्कनीत रोझमेरीची कुंडी. वहिनीने दोन वर्षांपूर्वी निलगिरीतल्या एका नर्सरीतून रोप आणलं होतं. गोव्याच्या पावसाळ्यात ते कसं टिकलं हाच प्रश्न. ही वनस्पती भूमध्य समुद्राकाठच्या उघड्या चुनखडी टेकड्यांवरची. उन्हाळा कोरडा हवा, मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. वहिनी म्हणाली, "जूनला घरात घेतली, ऑक्टोबरला बाहेर काढली. माणसासारखी ठेवली हो." तरी खालच्या फांद्या काळ्या पडल्याच होत्या.

चहा व्हायच्या आत मी एक पान खुडून भिंगाखाली धरलं. रोझमेरीचं पान सुईसारखं दिसतं, पण ते तसं नसतं. पानाच्या दोन्ही कडा खाली वळलेल्या असतात, चादरीच्या कडा गादीखाली खोचाव्यात तशा. उलटं केलं की मधल्या खोबणीत पांढरी लव. त्या लवेत मधूनमधून चकाकणारे बारीक फुगे दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की फुटतात, तोपर्यंत तेल आत बंद असतं. वहिनीने भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मी हे पिझ्झावर टाकते आणि कधी उलटून बघितलं नाही."

माझ्या तीन बाटल्या रोझमेरीच्याच. एक स्पेनची, एक ट्युनिशियाची, एक कॉर्सिका बेटावरची. तिन्हींवर वनस्पतीचं नाव एकच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ठेवलेलं रोझमेरिनस ऑफिसिनॅलिस. 2017 नंतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला साल्व्हिया वंशात, सेजच्या भावंडांत नेऊन बसवलं ती गोष्ट वेगळी. भावाला तीन पट्ट्या हुंगायला दिल्या. ट्युनिशियाची हुंगून तो म्हणाला, "सर्दीचं मलम." स्पेनची हुंगून, "देवघर." कॉर्सिकाच्या पट्टीशी थबकला. "ही रोझमेरी नाहीच."

नाक त्याचं बरं आहे. ट्युनिशिया आणि मोरोक्कोकडच्या तेलात सिनिओल पुढे असतं, निलगिरीच्या तेलात असतं तेच. स्पेनच्या तेलात सिनिओल कमी, कापूर आणि टर्पेंटाइनमधलं अल्फा-पायनिन जास्त. कॉर्सिकाच्या तेलात कापूर मागे पडतो आणि व्हर्बेनोन नावाचा घटक डोकं वर काढतो. वास गोडसर, थोडा गवताळ. युरोपीय फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, तर रोझमेरी तेलासाठी दोन वेगळे रकाने आहेत. स्पॅनिश प्रकारात सिनिओल 16 ते 25 टक्के आणि कापूर 13 ते 21 टक्के. मोरोक्को-ट्युनिशिया प्रकारात सिनिओल 38 ते 55 टक्के आणि कापूर 5 ते 15 टक्के. सिनिओलच्या दोन रकान्यांत मध्ये मोठी मोकळी जागा आहे, हे लक्षात घ्या. एका प्रकारचं अस्सल तेल दुसऱ्या रकान्यात नापासच होणार.

हे मला इतकं पाठ का, तर मी असंच एक नापास केलं होतं. नोकरीचं तिसरं वर्ष. चार ड्रम आले, लेबलवर "रोझमेरी तेल". यंत्रावर चालवलं, कापूर अठराच्या पुढे. आमच्या तक्त्यात मर्यादा पंधरा. लाल शेरा मारला, "भेसळ संशयित". माल परत गेला. पुरवठादार म्हातारा माणूस, फोनवर एवढंच म्हणाला, "मॅडम, कागद नीट वाचा." कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं: स्पेन. आमचा तक्ता ट्युनिशियाचा होता. चूक कळली तेव्हा मी साहेबांना सांगितलं, साहेब म्हणाले, जाऊ दे, आता शेरा बदलला तर आपलंच हसं. त्या माणसाने आम्हाला पुन्हा माल दिला नाही. त्यानंतर मी लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागले, औषधाच्या बाटलीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत.

वहिनीची कुंडी? सिनिओल पुढे, मागून कापूर. नाकाने याहून जास्त सांगता येत नाही आणि सांगू नये.

दुसरा दिवस: पणजी

सकाळी भाऊ कामावर गेला आणि मी चालत चर्चच्या चौकापर्यंत गेले. समोरच्या नगरपालिकेच्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. बाकावर बसलेल्या दोन आजोबांना विचारलं, हे कोण? एक म्हणाले, "गव्हर्नर आसतलो." नव्हता. पोर्तुगीज डॉक्टर होता. 1534 मध्ये गोव्यात आला तो परत गेलाच नाही. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये इथेच, गोव्यात, छापला गेला. 1568 मध्ये तो वारला. बाटवलेल्या ज्यू घराण्यातला म्हणून बारा वर्षांनी, 1580 मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. आता त्याच्या नावाच्या बागेत पोरं घसरगुंडी खेळतात.

त्याचा मला आवडणारा मुद्दा दालचिनीचा. तेव्हा युरोपातल्या औषधविक्यांकडे कानेला, कासिया लिग्निया आणि सिनामोमम अशी तीन नावं होती, तीन भाव होते आणि त्यावर पोथ्याच्या पोथ्या वाद होते. ओर्ताने सांगितलं, ही सगळी एकच वस्तू, जागेप्रमाणे गुण वेगळे. आजच्या हिशेबाने तो पूर्ण बरोबर नव्हता. कासिया आणि सिलोनची दालचिनी या वेगळ्या जाती. पण नावांवर न जाता झाड कुठे वाढलं ते बघा, हे सांगायला साडेचारशे वर्षांपूर्वी धाडसच लागत असणार. माझ्या साहेबांकडे ते नव्हतं.

रोझमेरीला पोर्तुगीजमध्ये आलेक्रिम म्हणतात. शब्द अरबीतून गेलेला, इकलील म्हणजे मुकुट. पोर्तुगालच्या रानातल्या काही रोझमेरीत आणखी तिसरंच प्रकरण असतं. सिनिओल पुढे नाही, कापूरही नाही, मर्सीन पुढे. हॉप्सच्या फुलांत, म्हणजे बिअरच्या वासात असतं ते.

दुपारी बाजारात. नोव्हेंबरात तिरफळं नुकती वाळून आलेली असतात. तिरफळ पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मिरीएवढं, पण खडबडीत, आणि वाळलं की चोच उघडल्यासारखं दोन फाकांत उघडतं. आत काळंभोर, चकचकीत बी. बी फेकायचं, साल ठेवायची. बांगड्याच्या हुमणात किंवा खतखत्यात दहा-बारा घातली की जिभेला मुंग्या येतात आणि वास लिंबाच्या सालीसारखा वर चढतो. मुंग्या आणि वास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुंग्या आणणारा पदार्थ उडून जात नाही, वास उडून जातो. म्हणून जुनं तिरफळ जीभ बधिर करतं आणि नाकाला काहीच देत नाही.

बाजारात बसलेल्या बाईंपुढे दोन ढीग होते. मी विचारलं, फरक काय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मीठ आणि साखरेतला फरक विचारलाय. "हीं सांगेचीं. हीं सत्तरेचीं. सांगेचीं तिखट, सत्तरेचीं वासाक बरीं." दोन्ही ढिगांतलं एकेक हातात घेतलं, चुरगळलं, हुंगलं. बाईंचं म्हणणं माझ्या नाकाला तरी पटलं. पण ते सांगे-सत्तरीमुळे, की एक ढीग दोन आठवडे जास्त उन्हात पडला म्हणून, हे मला तिथे उभं राहून सांगता आलं नसतं. दोन्ही पाव-पाव किलो घेतली आणि पाकिटांवर ठिकाणं लिहिली. बाई हसल्या. "बरयतात कित्याक? वास घेतल्यार कळटा न्ही?"

तिसरा दिवस: सावईवेरे

मंगेशी-म्हार्दोळ मागे टाकून फोंड्यावरून सावईवेऱ्याला पोचले तेव्हा मावशी अंगणात तुळशीवृंदावनाला रंग देत होती. निळा. दरवर्षी निळाच. काका कुळागरात होते.

कुळागर हा शब्द घाटावरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड. बाग म्हणावी तर ओळी नाहीत, जंगल म्हणावं तर प्रत्येक झाड कुणीतरी लावलेलं. वर पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, त्यांच्या सावलीत जायफळ, केळी, अननस, आणि सगळ्यांच्या पायातून वाहणारा पाट. पाटावरून उडी मारताना माझी चप्पल गेली. काकांनी ती पुढच्या वळणावर काठीने अडवली. त्यांना सवय आहे, पाहुण्यांच्या चपला तिथेच सापडतात म्हणे.

दालचिनीला इथे तिखी म्हणतात. कुळागराच्या वरच्या अंगाला दोन झाडं आहेत. काका एका झाडाशी उभे राहिले आणि कोयत्याने पान, फांदीची साल आणि जमिनीवर आलेल्या एका मुळीची साल असे तीन तुकडे काढून माझ्या हातावर ठेवले. "तू तेलाची बाई ना? सांग, यात तिखी कुठली?"

तिन्ही एकाच झाडाचे, हातभर अंतरातले. फांदीची साल म्हणजे आपली दालचिनी, गोड, गरम. तिच्या वासाचं कारण सिनामाल्डिहाइड. पान चुरगळलं तर लवंग. पानाच्या तेलात मुख्य भाग युजेनॉलचा, जो लवंगेत असतो आणि जो दात दुखताना डॉक्टर कापसावर लावतात. आणि मुळीची साल? कापूर. चक्क कापूर. मला हे पुस्तकातून माहीत होतं, यंत्रावर आलेख पाहिलेले होते, पण एकाच झाडाचे तीन तुकडे एका तळहातावर मी पहिल्यांदा हुंगत होते. डोळे मिटून दिले असते तर तीन झाडं म्हटलं असतं.

रोझमेरीत फरक रोपारोपांत असतो, इथे झाडाच्या अवयवांत. पश्चिम घाटात दालचिनीच्या रानटी जातीही आहेत, एकीचं तर शास्त्रीय नावच सिनॅमोमम गोएन्से. काकांची झाडं कुठल्या जातीची, हे त्यांनाही ठाऊक नाही. वडिलांनी लावली एवढंच.

रात्री प्रयोग. मावशीचा पाच लिटरचा कुकर, शिट्टी काढलेली, त्या तोंडावर मत्स्यटाकीची सिलिकॉनची नळी, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवून काचेच्या बाटलीत. कुकरात अर्धा भाग पाणी आणि चिरलेली तिखीची पानं, अर्ध्या किलोहून थोडी जास्त. तत्त्व काजूची दारू काढायच्या भाटीचंच. काकांनी लगेच ओळखलं, "ही तुझी लावणी झाली म्हण की." लावणी म्हणजे भाटीत दारू गोळा करायचं मडकं. वाफ वर जाते, गार होते, थेंब खाली. फरक इतकाच की भाटीत आपल्याला पाण्यात मिसळणारी दारू हवी असते आणि इथे पाण्याशी न मिसळणारं तेल.

दहाव्याच मिनिटाला नळी गरम होऊन मऊ पडली आणि तोंडावरून निसटली. वाफेचा फवारा थेट भिंतीवरच्या कालनिर्णयावर. मावशीने गॅस बंद केला आणि मला जे काही बोलली ते कोकणीत होतं, म्हणून इथे लिहीत नाही. नळीला तार गुंडाळून दुसऱ्यांदा सुरू केलं.

आधी दुधट पाणी आलं. तेलाचे अतिबारीक थेंब पाण्यात अडकले की असं दिसतं. बाटली अर्धी भरल्यावर गॅस बंद करून आम्ही जेवायला बसलो. जेवणं आटपून पाहिलं तर पाणी निवळलेलं आणि बाटलीच्या तळाशी, काचेच्या कडेला चिकटून, पिवळसर गोल थेंब. मावशी वरून शोधत होती. तिला वाटलं तेल म्हणजे वर तरंगणार. युजेनॉल पाण्याहून जड, पानाचं तेल बुडतं. मग मी एका पेल्यात साधं पाणी घेतलं आणि माझ्या स्पेनच्या बाटलीतला एक थेंब टाकला. तो वरच पसरला, इंद्रधनुष्याच्या रंगाचा. मावशीने बाटली आणि पेला दोन्ही दिव्यापाशी धरले. बराच वेळ काही बोलली नाही. मग, "आणि आता माझ्या कुकरातल्या भाताला वर्षभर लवंगेचा वास." तिचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशीची डाळसुद्धा वासाची निघाली.

वहिनीच्या कुंडीतली छाटलेली मूठभर रोझमेरीही आणली होती, पण ती कुकरात घातली नाही. फार्माकोपियाप्रमाणे चांगल्या वाळलेल्या पानांतून किलोला किमान 12 मिलिलिटर तेल यायला हवं. मूठभर ओल्या पाल्यातून दोन-तीन थेंब निघाले असते आणि ते नळीतच राहिले असते.

चौथा दिवस: भूतखांबचं पठार

हा दिवस खरं तर मोकळा होता. काका म्हणाले, केरीच्या वरच्या अंगाला भूतखांबला नेतो. याच पठारावर 1990 च्या दशकात नायलॉनचा मोठा कारखाना येणार होता आणि गावकऱ्यांनी आंदोलन करून तो येऊ दिला नाही. काका त्या मोर्चांत होते. स्कूटर लावताना एवढंच बोलले, "नाहीतर आज इथे तू वेगळाच वास घेतला असतास."

पठारावर जांभा दगड, त्यावर सुकत चाललेलं गवत, आणि रस्त्याच्या कडेने माणसाएवढी वाढलेली दर्पतुळस. तिला रानतुळसही म्हणतात. जांभळी बारीक फुलं, काटेरी कुसं, आणि नावाप्रमाणे दर्प. ही मूळची अमेरिका खंडातली, आता देशभर तण होऊन पसरलेली. कुळ रोझमेरीचंच, तुळशीचंही तेच. तण असल्यामुळे तोडायला कुणी अडवत नाही, हा मोठा फायदा.

मी बारा झुडपं निवडली, दर पन्नास पावलांवर एक. प्रत्येकाचं वरून तिसरं-चौथं पान घेतलं. एकाच उंचीचं, कारण कोवळ्या आणि जून पानाच्या तेलात फरक पडतो. सगळी एका तासात, ऊन चढायच्या आत. ब्लॉटर पट्टी दुमडून आत पान चिरडायचं, पट्टीवर आकडा. काका आधी हसत होते, सहाव्या झुडपापासून स्वतःच पावलं मोजायला लागले.

सावलीत बसून बारा पट्ट्या हुंगल्या. नऊ सारख्याच: पुदिना आणि निलगिरीच्या मधलं काहीतरी. पाच नंबर तिखट, मिरीसारखा. आठ आणि नऊ, एका मोरीशेजारची, लाकडासारखी, सुकलेली. काकांनी न सांगता पाच नंबर वेगळा काढला, तेव्हा मला फार बरं वाटलं. या झाडाच्या तेलात कुठे सिनिओल पुढे असतं, कुठे सॅबिनीन, कुठे लवंगेत-मिरीत सापडणारं कॅरिओफायलीन. पण माझ्या पाच नंबरात काय आहे, हे यंत्राशिवाय म्हणायची मला सवय नाही.

"मग कारण काय?" काकांनी विचारलं. "माती?"

हाच खरा प्रश्न, आणि याचं उत्तर लोक फार पटकन देतात. माती म्हणतात, ऊन म्हणतात. पण तेल कुठल्या प्रकारचं व्हावं हे पुष्कळदा रोपाच्या रक्तात असतं. रोझमेरीची फांदी तोडून दुसऱ्या देशात लावली, तरी कापूरवाली बहुधा कापूरवालीच राहते. तेल किती यावं, प्रमाण थोडं इकडे-तिकडे व्हावं, हे पाऊस, ऊन, फुलोरा आणि तोडणीची वेळ ठरवतात. आणि बारा झुडपं वेगवेगळी दिसली म्हणून त्यातला रक्ताचा वाटा किती आणि जागेचा किती, हे इथे बसून कळत नाही. त्यासाठी सगळ्यांची बी किंवा फांद्या एकाच वाफ्यात लावून पाहावं लागतं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण फ्रान्सच्या दक्षिणेला, मॉन्पेलिएजवळच्या टेकड्यांत आहे, रोझमेरीच्या शेजारणीचं, थाइमचं. एकाच खोऱ्यात सहा प्रकारची थाइम. वरच्या उतारावर तिखट, थायमॉल-कार्व्हाक्रॉलवाली. खाली खोलगट भागात सौम्य वासाची. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात साचते आणि तिखट प्रकाराला कडाक्याची थंडी सोसत नाही. 1970 च्या दशकात अभ्यासकांनी कुठे कोण आहे याचा नकाशा केला. काही दशकांनी पुन्हा पाहिलं तेव्हा हिवाळे सौम्य झाले होते आणि तिखट प्रकार खोऱ्यात उतरू लागले होते.

काकांना यातलं थंडीचं पटलं. "आमच्या मिरवेलीचंही तसंच असणार," म्हणाले, आणि मग मिरवेलीवर पाऊण तास बोलले. ते इथे देत नाही.

आपल्याकडे हे कुणाला नवीनही नाही. खानदेश-निमाडातलं रोशा गवत घ्या. मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार, उभे असताना सहज ओळखू येत नाहीत. मोतियाचं तेल गुलाबासारखं, जिरॅनिऑलने भरलेलं. ते एकेकाळी तुर्कस्तानापर्यंत जायचं, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळायला. सोफियाचं हलकं, आल्याच्या अंगाचं, स्वस्त. रोशा काढणारे हा फरक पिढ्यान् पिढ्या ओळखत आले. त्यांच्याकडे फार्माकोपियाचे रकाने नव्हते.

पाचवा दिवस: व्हडली दिवाळी

सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नाही. वृंदावनाला ऊस, झेंडूच्या माळा. तुळशीशेजारी दिंडो नावाच्या झाडाची काठी, आवळ्याची आणि चिंचेची फांदी. पोहे पाच प्रकारचे, त्यातले गुळाचे मी किती खाल्ले ते विचारू नका.

अंगणात तुळशी दोन. वृंदावनातली हिरवी, विहिरीपाशी जांभळट कृष्णतुळस. पूजेआधी मावशीची परवानगी काढून दोन्हींचं एकेक पान घेतलं. तिने आधी हात जोडायला लावले. कृष्णतुळशीत लवंगेचा वास स्पष्ट. हेही युजेनॉल, तिखीच्या पानातलंच. हिरवीत तोच वास मागे, पुढे काहीतरी गोडसर. तुळशीतही एकीत युजेनॉल जास्त, दुसरीत मेथिल युजेनॉल, असं होतं. शेजारच्या वहिनी आल्या, त्यांनाही हुंगायला दिलं. त्या ठामपणे म्हणाल्या, "आमच्या तुळशीक असो वास ना." मग त्या घरी जाऊन आपल्या तुळशीचं पान घेऊन आल्या. मग त्यांच्या शेजारच्या. संध्याकाळपर्यंत ओटीवर सात घरांच्या तुळशी एका ताटात जमल्या होत्या आणि बायका हुंगून भांडत होत्या. भटजी आले तेव्हा त्यांनाही ताट पुढे केलं. त्यांनी नाक न लावता प्रत्येकावर अक्षता टाकली.

मंगलाष्टकं झाली, फटाके झाले, आरतीला कापूर पेटला. आज बाजारात मिळणारा पूजेचा कापूर बहुतेक झाडातून येत नाही. टर्पेंटाइनमधल्या पायनिनपासून कारखान्यात करतात. म्हणजे स्पेनच्या रोझमेरीत पायनिन आणि कापूर शेजारी शेजारी असतात, आणि कारखाना एकापासून दुसरं बनवतो. हे मी काकांना आरती चालू असताना कानात सांगितलं. मावशीने वळून असं पाहिलं की पुढचं वाक्य गिळलं.

सहावा दिवस: निघताना

पहाटेची गाडी. मावशीने पिशवीत पोफळीच्या विरीत गुंडाळलेला गूळ, जायफळाच्या सालीचं लोणचं आणि तिखीच्या तेलाची बाटली ठेवली. तेल आणि पाणी मी वेगळं केलं नव्हतं. तळाचे थेंब होते तसेच होते, बाटली कलली की घरंगळायचे.

"याच्यावर काय लिहायचं? तिखीचं तेल?" मावशीने पेन घेतलं होतं.

मी म्हटलं, तेवढ्याने भागत नाही. पट्टी चिकटवून सांगत गेले आणि ती लिहीत गेली: दालचिनी, पान. सावईवेरे, वरचं झाड. कार्तिक. ओली पानं, चिरून. खाली जागा उरली होती. मी म्हटलं, झालं.

तिने पट्टी पुन्हा वाचली, चश्मा वर केला, आणि उरलेल्या जागेत स्वतःच्या मनाने एक शब्द घातला: कुकरांतलें.

बरोबरच होतं. कसं काढलं, हेही लिहायला हवंच होतं.